लाखेतला रेझर

नोकरीनिमित्त मी जळगावात काही वर्षं राहिलो, पण त्या काळात एकदाही घरी दाढी केली नाही. घरमालकांची तशी अटच होती. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाडं नंतर सांगितलं, आधी अट सांगितली.

"आधी सांगतो, नंतर वाद नको. दाढी बाहेर करायची. ब्लेड, चाकू, कात्री, सुरी, धारेचं काहीही या घरात आणायचं नाही."

मी म्हटलं, "नखं कापायला?"

"नेलकटर चालेल. पण ते ऑफिसात ठेवा."

मी धुळ्याचा. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून लागलो होतो आणि पहिलीच नेमणूक जळगावला मिळाली होती. एसटीडीचे पिवळे बूथ तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते. एक्सचेंजपासून चालत जाता येईल अशी खोली मला हवी होती आणि ही तशी होती. म्हातारा विक्षिप्त आहे एवढं मनाशी ठरवून मी हो म्हणून टाकलं.

त्यांना सगळे नाना म्हणत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून ते रिटायर झाले होते, पण पार्सल ऑफिस काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. मी सामान घेऊन आलो त्या दिवशी त्यांनी दारातच माझी पेटी उचलून पाहिली, मान हलवली आणि वजन सांगितलं. मग विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, कपडे, अंथरूण, थोडी पुस्तकं. "धारेचं?" मी दाढीचं सामान काढून दाखवलं. त्यांनी ते कागदात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मला बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. न्हाव्याने फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात अशा आणखी दोन-तीन पुड्या आधीच होत्या. माझ्या आधीचे भाडेकरू आपापलं सामान न्यायला विसरले होते.

नानांची सुतळीची गाठही त्यांची स्वतःची होती. कितीही घट्ट मारली तरी एक टोक ओढलं की मोकळी व्हायची. त्यांच्या घरात काहीच कापावं लागत नसे. दुधाची पिशवी ते दाताने फाडत. दोरा अक्का, म्हणजे त्यांची बायको, दाताने तोडत. स्वयंपाकही तसाच. मेथी निवडून हाताने तोडायची, गवार मोडायची, कांदा पाट्यावर ठेवून बत्त्याने फोडायचा. थंडीत तर रोज वांग्याचं भरीत. वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचायची, त्यात मिरची, लसूण, शेंगदाणे. त्या घरातलं भरीत मी अजून विसरलेलो नाही. पण दुधी किंवा कोबी आणला की अक्का तो पदराखाली घेऊन शेजारच्या ओट्यावर जात आणि शेजारणीच्या विळीवर चिरून परत येत. पहिले काही महिने मला वाटायचं, घरात विळी घ्यायला हा माणूस पैसे देत नसेल.

घरात तिसरा माणूस होता तो त्यांचा मुलगा. मी त्याला भाऊ म्हणायचो. वय तिशीच्या आसपास, दाढी छातीपर्यंत. गल्लीतली पोरं त्याला महाराज म्हणत. मलाही आधी तो कुठल्या तरी पंथाचा वाटला. तो ओट्यावर बसून असायचा. अक्का डाळ निवडायला बसल्या की जुना पेपर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, अगदी शेवटच्या निविदेपर्यंत. मध्येच वाचायचं थांबून कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं पुटपुटायचा. अक्का म्हणायच्या, "फुढे वाच रे भाऊ." तो पुढे वाचायचा.

त्याचं कळलं ते न्हाव्याकडून. मी मान मागे टाकून बसलो होतो आणि त्याचा वस्तरा माझ्या गळ्याशी होता.

"नानांच्या घरातली अट तुम्हाला चमत्कारिक वाटत असेल," तो म्हणाला. "त्यांचा पोरगा कॉलेजात होता तेव्हा त्याचं डोकं बिघडलं. कानात कोणी बोलतं म्हणायचा. एक दिवस न्हाणीघरात कडी लावून बसला. नानांच्याच रेझरमधलं ब्लेड काढून घेतलं होतं. अक्कांनी दार तोडलं म्हणून वाचला."

मला बोलता येत नव्हतं. त्याने वस्तरा पुसला आणि माझा गाल दुसरीकडे वळवला.

"तेव्हापासून न्हाणीघराला कडी नाही, बघा."

कडी नव्हती हे मला माहीत होतं. मी तिथे रोज गाणं म्हणत अंघोळ करायचो, कुणी आत येऊ नये म्हणून.

त्यानंतर मी नानांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ते रोज संध्याकाळी अंगणात फिरत तेव्हा मला वाटायचं पाय मोकळे करतात. खरं तर ते जमीन बघत असायचे. काचेचा तुकडा, खिळा, पत्र्याची टिकली, जे दिसेल ते उचलून खिशात घालायचे आणि नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकून यायचे. पावसाळ्यात वाहून आलेल्या गाळातही ते वाकून बघत.

एकदा हे सगळं मी धुळ्याला घरी बोललो. वडील म्हणाले, इथे एक डॉक्टर आहेत, अशा आजाराचे, त्यांच्याकडे का नाही आणत? नानांनी मुलाला पूर्वी एका मोठ्या दवाखान्यात ठेवून पाहिलं होतं, आणि तिथून तो आणखी गप्प होऊन आला होता. त्यामुळे माझं बोलणं त्यांनी पुरं ऐकूनही घेतलं नाही. ऐकलं ते अक्कांनी. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं धुळ्याच्या एसटीत बसलो होतो.

डॉक्टर तरुण होते, कमी बोलायचे. महिन्याला एक इंजेक्शन, शिवाय गोळ्या. निघताना त्यांनी एवढंच बजावलं की या गोळ्यांनी घाम कमी येतो, उन्हात जपा. नानांनी ते दोनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून दर महिन्याला धुळ्याची फेरी सुरू झाली. भाऊ खिडकीशी, नाना त्याच्या शेजारी, मी मागे. पारोळ्याला गाडी थांबली की नाना खाली उतरून तिघांना चहा आणत. फरक पडायला वर्ष गेलं, पण पडला. आधी पुटपुटणं थांबलं. मग भाऊ अंगण झाडू लागला. मग एक दिवस माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्या एक्सचेंजमध्ये एकाच वेळी किती लोक बोलत असतात?" मी सांगितलं. तो हसला. "माझ्याकडे आता कोणीच बोलत नाही," म्हणाला.

एका डाळ मिलच्या मालकाशी अक्कांच्या भावाची ओळख होती. गेटवर आल्यागेल्या गाड्या लिहून घ्यायला माणूस हवा होता. मालक भाऊला ठेवायला तयार झाला, पण म्हणाला, ही दाढी काढून ये, गिऱ्हाईक घाबरतं.

भाऊ घरी आला आणि म्हणाला, "नाना, तो रेझर द्या."

मला वाटलं होतं, तो रेझर कधीच फेकून दिला असेल. नाना उठून अंगणात जमीन बघायला गेले. भाऊने दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला. न्हाव्याकडून करून घे, असं मीही सुचवलं. "दाढी कात्रीने कापून दिली तर चालेल," भाऊ म्हणाला, "पण गळ्याशी दुसऱ्याचा हात नको. बाकीची मी करेन."

नानांनी त्यावर बरेच दिवस काढले. मिलवाल्याचा निरोप आला, पुन्हा आला. घरात नाना-अक्का एकमेकांशी अहिराणीत बोलत. भांडण असलं की ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं. एका दिवशी मात्र अक्कांचा आवाज चढलेलाही नव्हता, तरी ऐकू आला.

"जित्ता माणूसनी दाढी वाढस. ती करनी पडस," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याले कितला दिन बांधीसन ठेवशात?"

रविवारी सकाळी नानांनी मला अंगणात बोलावलं. पुढ्यात रॉकेलचा स्टोव्ह पेटलेला, त्यावर पातेल्यात पाणी. त्यांच्या हातात मेणकापडाची पुडी होती. सुतळीचं टोक ओढून त्यांनी ती उघडली.

आत रेझर होता, पण रेझर म्हणून ओळखू येत नव्हता. वरपासून खालपर्यंत लाल लाख ओतलेली. पार्सलावर सील मारायची असते तीच. खूप जुना, पितळेचा, वजनदार, नानांना त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला. मुठीच्या टोकाला कळ असते, ती फिरवली की डोक्यावरच्या दोन झडपा उघडतात आणि ब्लेड निघतं, तशातला. झडपांच्या फटी लाखेने बुजलेल्या होत्या आणि कळेवर तर लाखेचा गोळाच होता.

"फेकून का नाही दिला?" मी विचारलं.

"भाऊने सांगितलं होतं. दवाखान्यात पडला होता तेव्हा. फेकू नका नाना, मी बरा झालो की लागेल." त्यांनी पुडी घडी करून ठेवली. "मालक येईपर्यंत माल सील करून ठेवायचा. आम्ही हेच केलं आयुष्यभर."

पाणी तापलं तसा मी रेझर दोऱ्याला बांधून आत सोडला. थोड्या वेळाने लाख मऊ पडली. ती हाताने सोलवत होती तेवढी सोलली, फटीतली खराट्याच्या काडीने काढली. तरी झडपांच्या सांध्यात लाल रेघ उरलीच. एक्सचेंजमध्ये आम्ही संपर्काचे पत्रे पुसायला स्पिरिट वापरायचो, त्यातलं थोडं मी बाटलीत आणलं होतं. जुन्या दात घासायच्या ब्रशने ते लावलं की लाख विरघळून लालसर पाणी यायचं. नाना ते पाणी फडक्याने टिपत होते आणि मग फडकं उजेडात धरून बघत होते. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

लाख निघाली, पण कळ फिरेना. आत साबण, इथल्या बोअरच्या पाण्याचा क्षार आणि गंज यांचा एकच दगड झाला होता. नाना म्हणाले, पक्कड आणा. मी नको म्हटलं. पितळ मऊ असतं, कळेवरची नक्षी तर जाईलच, पण दांडा पिळला गेला तर रेझर कायमचा गेला. कळेच्या बुडाशी रॉकेलचे थेंब सोडून आम्ही तो उन्हात उभा ठेवला. दुपारी परत सोडले. लाटण्याने हलके ठोकलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कळेवर गुंडाळून मी जोर लावला तेव्हा ती केसभर हलली.

"थांबा," नाना म्हणाले. "आता मी."

त्यांनी ती जोराने फिरवली नाही. थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा थोडी पुढे. दर खेपेला गंजाची भुकटी पडत होती. एकदम कुरकुर झाली आणि झडपा उघडल्या.

आत ब्लेड होतं. तपकिरी पडलेलं, मध्ये भेगाळलेलं. नानांनी बोट लावलं तसं त्याचे दोन तुकडे झाले.

"हेच ते," नाना म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्या दिवशीचं ब्लेड त्यांनी पुसून परत रेझरमध्ये बसवलं होतं आणि वरून लाख ओतली होती.

"फेकलं असतं तर ते कुठे आहे हे मला माहीत नसतं. रात्री अंथरुणात तेच डोक्यात आलं असतं, आता ते कोणाच्या हातात आहे. इथे होतं म्हणजे इथे होतं."

तुकडे त्यांनी कागदात बांधले. पुढल्या फेरीला बांभोरीच्या पुलावर एसटी आली, भाऊ झोपला होता, तेव्हा त्यांनी मागे वळून ती पुडी माझ्या हातात दिली. "तुम्ही टाका," म्हणाले. मी खिडकीतून गिरणेत टाकली. ती पाण्यात पडली की वाळूत, ते मी पाहिलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पण ते नंतर. त्या रविवारी आम्ही संध्याकाळपर्यंत रेझर घासत बसलो. क्षार लिंबाने सुटला. लिंबू जास्त वेळ ठेवलं तर वरचा मुलामा जातो म्हणून लगेच धुतलं. दंतमंजनाने चकाकी आली. मुलामा जागोजाग गेला होताच, त्यातून पिवळं पितळ दिसत होतं. कळेत खोबरेल तेलाचा थेंब टाकला. नानांनी झडपा कितीतरी वेळा उघडल्या आणि मिटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी घरी आला. त्या घरात कात्री आलेली मी पहिल्यांदा पाहिली. भाऊ डोळे मिटून बसला, खुर्चीची दांडी घट्ट धरून. दाढी कापून झाल्यावर उठला आणि रेझर मागितला. नानांनी नवं ब्लेड घालून तो आधी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिला. मग दिला.

"दार लावून घेऊ?" भाऊने विचारलं.

"घे."

कडी नव्हतीच. भाऊने दार ओढून घेतलं. नाना बाहेर उभे राहिले, हात दाराला न लावता. अक्का चुलीपाशी होत्या, पण चुलीकडे पाठ करून.

"भाऊ, दूध किती घ्यायचं आज?"

"एक लिटर."

"पेपर आला का रे?"

"मी इथे आहे नाना. मला काय माहीत?"

"मिलवाल्याने किती वाजता बोलावलंय?"

"दहाला."

मग उत्तर आलं नाही. नानांनी हात उचलला. अक्कांनी पुढे येऊन तो मनगटाशी धरला आणि धरूनच ठेवला. आत पाण्याचा आवाज झाला. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा उन्हाने रापलेला आणि खालचा अर्धा पांढराफटक होता, जणू दोन माणसांचे तुकडे जोडलेले. कानाखाली कापलं होतं, तिथे त्याने पेपरचा कपटा चिकटवला होता. नानांची नजर त्या कपट्यावर होती. अक्कांनी त्याच्या हनुवटीला बोटं लावली आणि म्हणाल्या, "मन्हा बापनी हनुवटी शे ही."

भाऊ मिलवर जाऊ लागला. गाड्या लिहायचा, शेडमध्ये बसायचा, डबा खायचा. पगाराच्या दिवशी सगळ्यांना शेवभाजी आणायचा. ब्लेडची पाकिटं नाना शेजारच्यांकडे ठेवत, घरात एका वेळी एकच ब्लेड. तेवढं त्यांनी सोडलं नाही. मला मात्र सांगितलं, तुम्हाला हवं तर आता घरी करा. मला सलूनची सवय लागली होती.

मग माझी बदली धुळ्याला झाली. भाऊ स्टँडवर सोडायला आला, माझी पेटी त्यानेच टपावर चढवली. पुढे दर महिन्याला नाना आणि भाऊ धुळ्याला आले की दवाखान्यानंतर आमच्या घरी जेवून जात.

त्या उन्हाळ्यात मे महिना नेहमीपेक्षा वाईट होता. जळगावात दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, तसले दिवस. अक्का भाऊच्या खिशात कांदा घालत, डोक्याला ओलं फडकं बांधून पाठवत. त्या दिवशी मिलमधून परत येताना सायकल पंक्चर झाली. दुकान बंद होतं. तो सायकल हातात धरून चालत निघाला. गल्लीच्या तोंडाशी आला आणि पडला. लोकांनी पाणी मारलं, रिक्षात घातलं. सिव्हिलला पोचेपर्यंत अंग नुसतं भाजत होतं, घामाचा थेंब नव्हता.

मला एक्सचेंजमध्येच ट्रंक कॉल आला. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कोणी तरी जाणता माणूस म्हणाला, न्हाव्याला बोलवा, नेण्याआधी तोंडावरून वस्तऱ्याचा एक हात फिरवू दे. नाना भिंतीला टेकून बसले होते.

"गरज नाही," ते म्हणाले. "त्याने सकाळीच केली आहे."

सगळं उरकल्यावर, माणसं गेल्यावर, ते माझ्याशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलले. "बठ्ठ्या, सगळ्या धारा झाक्यात मी," म्हणाले. "ऊन कोन झाकी?"

मी त्यांना माठातलं पाणी आणून दिलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी नाना धुळ्याला माझ्या एक्सचेंजच्या दारात उभे. एकटेच. आज भाऊची तारीख आहे, म्हणाले. मला वाटलं, दुःखाने यांचं भान गेलं. मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. त्यांनी भाऊच्या नावाने नंबर लावला आणि बाकावर बसून राहिले. नंबर आल्यावर आत गेले. मी मागे होतो.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "मुलगा कुठे आहे?"

"गेला. ऊन लागलं. तुम्ही सांगितलं होतं, आम्ही जपलं होतं." नाना उभेच होते. "आधी सांगतो, नंतर घोटाळा नको, म्हणून आलो. त्याची जागा आता दुसऱ्या कोणाला द्या."

डॉक्टर उठून उभे राहिले. काही बोलणार होते, पण नानांनी नमस्कार केला आणि ते बाहेर आले.

बाहेर बाकावर शिंदखेड्याकडचा एक शेतकरी बसला होता, शेजारी त्याचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा, जमिनीकडे बघत, ओठ हलवत. नाना धोतर सावरायला क्षणभर तिथे टेकले. त्या माणसाने हळूच विचारलं, "दादा, आठे गुण येस का?"

"येतो. वेळ लागतो, पण येतो," नाना म्हणाले. "माझ्या मुलाला आला."

"आते कसा शे तो?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलाकडेही पाहिलं नाही.

"बरा शे," ते म्हणाले. "कामाले जास."

तो माणूस मुलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. नाना उठले. दारात रिक्षा उभी होती, पण ते तिच्यात बसायला तयार झाले नाहीत. स्टँडपर्यंत आम्ही उन्हातूनच चालत गेलो.